पार्टी आल्याशिवाय पिंजरा मिळणार नाही

चि. बबडीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. ते गुडघे पोटाशी घेऊन दिलेले असल्यामुळे तुझ्यापर्यंत जरा चुरगळलेले पोचतील, झटकून घे. तुझा खोकला गेला असेल, नव्या ऑफिसातल्या बाईंनी तुला अद्याप कच्चं खाल्लं नसेल आणि तू दोन वेळा नीट जेवत असशील, अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत आहेत. (सगळ्यांत मी नाही.)

आता मुख्य गोष्ट. बबडे, माणूस शिकतो, नोकरीला लागतो, डोळ्यांवर चष्मा चढेपर्यंत राबतो आणि शेवटी स्वतःचं असं एक टेबल विकत घेतो. कशासाठी? लोक म्हणतील, काम करण्यासाठी. लोकांना काय कळतंय! काम काय, ओट्याशी उभं राहूनही होतं. टेबल घ्यायचं ते त्याच्याखाली पाय लांब करून बसण्यासाठी. ताठ मानेने जगता आलं नाही तरी चालेल, त्याची आपल्या घराण्याला सवय आहे. पण संसारी माणसाला दिवसातून एकदा तरी पाय सरळ करता आले पाहिजेत, एवढीच माझी आयुष्याकडून मागणी होती. ती आज माझ्या घरात, माझ्या खोलीत, माझ्याच टेबलाखाली पूर्ण होत नाही. कारण तिथे तुझ्या दोन गिनीपिग राहतात. मी पाय जरा पुढे सरकवला की थोरली शिट्टी मारते. धाकटी शिट्टीबिट्टी मारत नाही. ती सरळ मोजा ओढते.

आणि ह्यात खरी चीड आणणारी गोष्ट अशी, की त्यांच्यासाठी बांधलेला पिंजरा तयार आहे. पुरा झालेला, घासूनपुसून गुळगुळीत केलेला, पडदे लावलेला, ह्याच खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर. फक्त तो रिकामा आहे आणि त्याला कुलूप आहे. किल्ली बाबांच्या खिशात आहे. आणि ती तिथे आहे तुझ्यामुळे. कशी, ते सांगतो. तू म्हणशील, दादा, थोडक्यात सांग. थोडक्यात सांगायचं असतं तर मी फोन केला असता. शिवाय ह्यातलं बरंच तुला ठाऊक आहे, पण गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय त्याला वजन येत नाही.

सुरुवात झाली ती तू घर बदललंस तिथून. बाबा त्या दिवशी तुझ्या मदतीला आले होते, म्हणजे तुझ्या नव्या इमारतीच्या लिफ्टमधून एकदा वर आणि एकदा खाली गेले होते. (ज्या माणसाने जन्मभर लिफ्ट बसवण्याचं काम केलं, त्याच्याकडून खोकी उचलण्याची अपेक्षा आपणही केली नव्हती.) एवढं करून ते बाहेर आले, डॉक्टर रोग्याच्या छातीवर ठेवतो तसा लिफ्टच्या दारावर तळवा ठेवला, आणि घरमालकाला म्हणाले, ब्रेक घासतोय, आत्ताच्या आत्ता बंद करा. त्या वेळी आत तुझा फ्रिज होता आणि फ्रिजला मिठी मारून उभे असलेले दोन हमाल होते. घरमालक हसला. हमाल हसले. (फ्रिजचं मला सांगता येणार नाही.) आणि तू, दिवसभराच्या धावपळीने वैतागलेली, म्हणालीस, "बाबा, तुम्ही आता रिटायर झालात, विसरलात का?" बाबा "बरं" म्हणाले आणि जिन्याने खाली उतरले. तेव्हापासून ते तुझ्याशी बोलत नाहीत, तू त्यांच्याशी बोलत नाहीस, आणि दोघंही माझ्याशी मात्र बोलता, दुसऱ्याला पोचेल अशा बेताने. माझं घर म्हणजे तुमच्यातलं टपाल कार्यालय झालं आहे. ती लिफ्ट मेली अजून एकदाही बंद पडलेली नाही. दोन मजल्यांच्या मध्ये निदान एकदा अडकून म्हाताऱ्याचा शब्द राखायला तिचं काय जात होतं? पण हल्ली यंत्रांनासुद्धा वडीलधाऱ्यांची चाड राहिलेली नाही.

मग तुला प्राण्यांच्या आश्रमातून ह्या दोन बहिणी दत्तक घ्यायची बुद्धी झाली. तुझं मन मऊ आहे, हे मी चारचौघांत सांगतो. फक्त ह्या मऊपणाचा मुक्काम शेवटी दुसऱ्याच्या टेबलाखाली का पडतो, एवढंच मला कळत नाही. तुझ्या घरमालकाने त्यांची शिट्टी ऐकली आणि 'ह्या राहतील किंवा तुम्ही राहाल' असं सांगितलं. (दुसरा पर्याय तू फार लवकर निवडलास असं माझं मत आहे, पण ते मी ठेवतो माझ्याकडे.) तू स्वतः घेऊन आली असतीस तर बाबांचं तोंड बघावं लागलं असतं, म्हणून ऑफिसच्या ड्रायव्हरच्या हाती खोका पाठवलास. खोक्याला भोकं होती. मला वाटलं बहिणीने भावाला फळं पाठवली. मोठ्या मायेने दोरी सोडली, तर आतून दोन चेहरे वर आले. दाढीच्या जुन्या ब्रशला डोळे फुटावेत तसे. ते दोन्ही चेहरे माझ्याकडे पाहून निराश झाले. मीही झालो. आमची ओळख झाली ती अशी, बरोबरीच्या नात्याने.

सोबत तुझा सूचनांचा कागद होता. तो मी वाचला. तुला हे विचित्र वाटेल, पण मी सूचना वाचतो. घरगुती यंत्रांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते आणि जी लोक थर्माकोलबरोबर फेकून देतात, ती लिहून मी पोट भरतो. तेव्हा दुसऱ्या कुणी सूचना लिहिल्या तर त्या वाचणं ही मी बिरादरी समजतो. तुझ्या कागदाचा मथितार्थ असा होता: त्यांना उंची नको, जागा हवी. पिंजरा आडवा, ऐसपैस हवा. खाली जाळी नको, पाय दुखतात. (कुणाच्या तरी पाय दुखण्याची काळजी घेणारं माणूस आपल्या घरात आहे हे वाचून डोळे भरून आले.) गवत सतत हवं, लपायला घर हवं, आणि त्या घराला दोन दारं हवीत, म्हणजे एक रुसून दारात बसली तर दुसरीला मागून निघता येतं. ही सोय माणसांच्या घरात का करत नाहीत, हा प्रश्न मी आपल्या कुटुंबाकडे बघून बरेचदा विचारला आहे.

मी आधी सरळ मार्गाने गेलो, म्हणजे बाजारात गेलो. दुकानदाराने 'साहेब, हे आमचं लक्झरी मॉडेल' म्हणून जी वस्तू समोर ठेवली, तिच्यात चपला ठेवतानाही मी विचार केला असता. आत एक गोल फिरणारं चाक. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, पळायला. मी म्हटलं, ह्या पळत नाहीत हो, ह्या बसतात. "मग बसायला," तो म्हणाला, आणि बिल फाडलं. धंदा कसा करावा हे ह्या माणसांकडून शिकावं. घरी आणल्यावर बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पिंजऱ्याला एक टिचकी मारली आणि त्याचा आवाज विरेपर्यंत थांबले. "हा पिंजरा?" ते म्हणाले. "ह्यात भाजी धुऊन ठेवा." मग त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. ह्या कोण, कुठल्या, कुणाच्या, काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खोक्यावर तुझं अक्षर होतं. ते त्यांनी पाहिलं, खोका भिंतीकडे फिरवून ठेवला, आणि खिशातून टेप काढला.

इथून माझ्या हातातून सगळं गेलं. तुला आपल्या घरचा एक दोष सांगतो. ह्या घरात मापाला माप कुणी करत नाही. तुझी वहिनी शाळांचे गणवेश शिवते. ती कुठल्याही मापाला चारी बाजूंनी माया सोडते, कारण पोरं वाढतात. बाबा कुठलंही वजन दहापट धरतात, कारण दोर तुटतात. आणि मी प्रत्येक वाक्यामागे एक इशारा जोडतो, कारण लोक यंत्र चालू असताना आत डोकं घालून बघतात. अशा तिघांनी मिळून दोन मध्यम भोपळ्यांएवढ्या प्राण्यांसाठी पिंजरा बेतायला घेतल्यावर काय होणार! पहिल्या दिवशी तो खिडकीखाली मावत होता. वहिनीने माया सोडल्यावर तो कपाटाला भिडला. बाबांनी सुरक्षेचं गणित मांडल्यावर कपाट हॉलमध्ये गेलं, हॉलमधली खुर्ची गॅलरीत गेली, आणि गॅलरीतल्या कुंड्या शेजाऱ्यांकडे 'चार दिवसांसाठी' गेल्या. (शेजारी आता त्यांना पाणी घालतात आणि माझ्याशी बोलत नाहीत.) आता पिंजरा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आहे. त्यात मी आडवा झालो तर मला पाय लांब करता येतील. हा विचार माझ्या मनात आलेला नाही असं मी म्हणणार नाही.

पण पिंजरा आडवा म्हणजे बाबांच्या दृष्टीने काम झालंच नाही. तुझं 'उंची नको' हे वाक्य मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "आडवं काय," बाबा म्हणाले, "आडवा तर रस्तासुद्धा जातो. त्यात करायचं काय?" मी म्हटलं, काही करायचं नाही, हीच त्यातली मजा आहे. शेवटी तह झाला. खाली तुझ्या कागदाप्रमाणे ऐसपैस जागा. आणि एका कोपऱ्यात बाबांच्या समाधानाप्रमाणे छोटीशी माडी. आता माडी म्हटली की वर जायला काहीतरी हवं. एक फळी तिरकी टेकवली की झालं, असं तुला वाटेल, मला वाटलं, कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल. मी तसं बोललोसुद्धा. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुलगा एवढा वाढवला तो ह्यासाठी का!

बबडे, तुझ्या गिनीपिगना लिफ्ट आहे.

(आपल्या इमारतीला लिफ्ट नाही हे तू जाणतेसच. चार जिने चढून गवताचं पोतं मी पाठीवरून आणतो, आणि ते ज्यांना खायचं आहे त्यांना एका वितीच्या माडीवर जायला लिफ्ट. बाबांनी हे घर निवडलं तेच मुळी लिफ्ट नाही म्हणून. वाईट लिफ्ट रोज बघून त्यांचा जीव वरखाली होतो.)

त्या लिफ्टचं वर्णन करायला माझी लेखणी समर्थ आहे, कारण तसल्या गोष्टींचं वर्णन हाच माझा धंदा. पण मी आवरतं घेतो. वहिनीच्या मोडलेल्या शिलाई मशीनचं चाक फिरवलं की एक लाकडी खोकं वर जातं. दुसऱ्या टोकाला तोलायला वजन टांगलेलं असतं, ते म्हणजे माझा पितळी पेपरवेट आणि वहिनीच्या कारखान्यातल्या गंजक्या कात्र्या. सगळ्यात बहारीची गोष्ट म्हणजे दार. खोकं मजल्याशी बरोबर टेकल्याशिवाय त्या मजल्याचं दार उघडत नाही. माणसांच्या लिफ्टला असतं तसंच. त्यामुळे थोरलीला माडीवरून खाली गवताकडे यायचं असेल, तर कुणीतरी खोकं वर नेलं पाहिजे, थांबवलं पाहिजे, ती आत बसेपर्यंत तिची मनधरणी केली पाहिजे आणि मग खाली आणलं पाहिजे. हे 'कुणीतरी' कोण, ह्यावर घरात चर्चा झाली नाही. एके सकाळी माझ्या टेबलाशेजारी एक स्टूल आलेलं दिसलं. मी ह्या घरचा लिफ्टमन आहे. बाबा त्यांना गिनीपिग म्हणत नाहीत, पॅसेंजर म्हणतात.

तुझ्या वहिनीने फर्निशिंग केलं. फ्लीसच्या गाद्या, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक. उचलायच्या आणि धुवायच्या. टांगायची झोळी. दोन दारांचं कापडी घर, आतून अस्तर. (माझ्या कोटाला अस्तर नाही. मी फक्त नोंद करतो.) पडदे गणवेशाच्या उरलेल्या कापडाचे, त्यामुळे पिंजरा लांबून शाळा भरल्यासारखा दिसतो. मग आली चाचणी. त्यासाठी पॅसेंजरांचं वजन हवं होतं. थोरली काट्यावर बसेना, म्हणून तिला पातेल्यात बसवून तोललं, मग धाकटीला. पातेल्याचं वजन कुणीतरी वजा करायचं होतं. बाबांना वाटलं मी केलं, मला वाटलं बाबांनी केलं, आणि तुझ्या वहिनीने वर थोडी माया सोडली. त्या हिशोबाने दुसऱ्या टोकाचं वजन ठरलं.

पहिल्या फेरीला बाबांनी पॅसेंजर नेले नाहीत, बटाटे नेले. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी त्याच पातेल्यात तोलून बटाटे भरले, दार लावलं, आम्हा दोघांना मागे उभं केलं आणि ब्रेक सोडला. बटाटे गेले. 'वर गेले' म्हणणं म्हणजे त्यांच्या वेगाचा अपमान होईल. माडीवर त्यांचा थांबा होता, तो त्यांनी घेतला नाही. पेपरवेट आणि कात्र्या जमिनीवर आदळल्या, खोकं छतापाशी जाऊन उलटलं आणि बटाटे खोलीभर पांगले. एक माझ्या चालू कामावर येऊन बसला, नेमका 'हे उपकरण पूर्णतः सुरक्षित आहे' ह्या ओळीवर. टेबलाखालून दोन चेहरे बाहेर आले. थोरलीने शिट्टी मारली. धाकटीने एका बटाट्याला हुंगून तोंड फिरवलं. तुझी वहिनी पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळाली. मला वाटलं, आता म्हातारा खचला. तर बाबा कमरेवर हात ठेवून छताकडे बघत उभे, चेहऱ्यावर असं समाधान की गेल्या कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "चाचणी ह्यासाठीच घ्यायची असते," ते म्हणाले. मग गुडघ्यावर बसून त्यांनी बटाटे गोळा केले आणि सगळं परत तोललं. पातेल्याशिवाय.

आता लिफ्ट इतकी सुरेख चालते की मला राग येतो. भरलेली वाटी घेऊन जाते, पाणी हिंदकळत नाही. मी म्हटलं, झालं, संपलं, सुटलो. थोरलीला उचललं (ती हातात अशी लुळी पडते, जणू मी तिला फासावर नेतोय) आणि पिंजऱ्याच्या दाराशी नेलं.

"थांब," बाबा म्हणाले. "पार्टी कुठाय?"

"कसली पार्टी?"

"ज्यांचं काम केलं ती पार्टी. पार्टी आल्याशिवाय ताबा कसा द्यायचा?"

बबडे, बाबांच्या धंद्यात एक रीत आहे, तुला आठवत असेल. लिफ्ट बसवून झाली, तपासून झाली, तरी ती वापरायला देत नाहीत. आधी पार्टीने, म्हणजे ज्यांनी काम सांगितलं त्यांनी, स्वतः यायचं. नोकराला पाठवायचं नाही, मुनीमाला पाठवायचं नाही. लिफ्टमध्ये उभं राहायचं, दार स्वतःच्या हाताने लावायचं, फिटरबरोबर वर जायचं, खाली यायचं, आणि मग तोंडाने म्हणायचं की काम ठीक आहे. तेव्हा किल्ली मिळते. आजवर बाबांनी ह्यात कुणाला सूट दिलेली नाही. एका शेठजींना चक्कर यायची, तर त्यांना डोळे मिटून नेलं होतं, पण नेलं.

मी म्हटलं, "घर माझं, टेबल माझं, आखडलेले पाय माझे. पार्टी मीच."

"तू लिफ्टमन."

"मग ही तुमची सून?"

"ती पडदेवाली. पॅसेंजर ज्यांचे ती पार्टी."

"बाबा, पार्टी ह्या लिफ्टमध्ये मावणार नाही."

"हात तरी घालेल," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कुलूप लावलं.

त्या दिवसापासून पिंजऱ्यावर 'चाचणी चालू आहे, वापरू नये' अशी पाटी आहे, आणि तुझे पॅसेंजर माझ्या पुस्तिकांच्या खोक्यांची तटबंदी करून टेबलाखाली ठेवले आहेत. मी नाना उपाय केले. म्हटलं, फोटो पाठवतो. बाबा म्हणाले, फोटोत आवाज येतो का? म्हटलं, व्हिडिओ पाठवतो. म्हणाले, व्हिडिओत हाताला धक्का लागतो का? म्हटलं, पार्टीला वेळ नसतो. म्हणाले, "पार्टीला घाई नसेल तर आपल्याला काय? लिफ्ट जागेवर आहे." आणि असं म्हणून लगेच तिला तेल द्यायला गेले. दिवसातून इतक्या वेळा तेल देतात की मला वाटतं एक दिवस ती आपोआप निसटून जाईल. सगळ्यांत कहर रविवारी. तो पांढरा शर्ट आठवतो ना, ताबा द्यायच्या दिवशी घालायचे तो? रविवारी सकाळी दाढी करून तो घालतात, खुर्ची पिंजऱ्याशेजारी घेतात आणि वर्तमानपत्र वाचत बसतात. जिन्यात पाऊल वाजलं की पान उलटतात, वाचून झालेलं असो वा नसो. बेल वाजते. दूधवाला असतो, नाहीतर कुंड्यांचं विचारायला आलेले शेजारी. दिवेलागणीला शर्ट काढून हँगरला लावतात आणि म्हणतात, "चला, आज पार्टी आली नाही." जसं काही इतर वारी ती येऊन गेली होती. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, हा काय हट्ट आहे कळत नाही. ती म्हणाली, "जन्मभर सूचना लिहिता, आणि तुम्हाला एवढं वाचता येत नाही?" काय वाचायचं ते तिने सांगितलं नाही. तुझी वहिनी नेहमीच शेवटचं पान फाडून पुस्तिका हातात देते.

असो. बाकी क्षेम. थोरली ढोबळी मिरची खाते, धाकटी माझे मोजे खाते. फ्रिज उघडला की दोघी मिळून असा गजर करतात की खालच्या मजल्यावरचे लोक उठून आपला फ्रिज बघतात. ऑफिसातल्या बाईंना दबून राहू नकोस. वरचा मजकूर समजला नसल्यास पहिल्यापासून पुन्हा वाचावा. तरीही न समजल्यास विक्रेत्याशी संपर्क साधू नये.

तुझा, घडी घालून ठेवलेला,
दादा

ता. क. ह्या पत्राचा अर्थ 'तुझी जनावरं घेऊन जा' असा करू नये. ती कुठे जाणार नाहीत. एवढं सगळं करून पिंजरा रिकामा राहिला तर मी त्यात काय ठेवू, पुस्तिका? तू फक्त एक रविवार ये, आत हात घाल, दार लाव, वर ने, खाली आण. तुझ्या दादाच्या पायांसाठी एवढं कर. बाबांचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

आणखी ता. क. तुझ्या वहिनीने वरचं वाचलं आणि म्हणाली, शेवटचं वाक्य खोडा. मी लिहिलेलं खोडत नसतो, फक्त दुरुस्तीपत्रक जोडतो. तर दुरुस्ती अशी: काल चहा घेता घेता बाबांनी विचारलं, "पार्टीला रविवारी सुट्टी असते ना? का तिथेही राबवतात?" मी म्हटलं, कोणत्या पार्टीला? तर कप घेऊन गॅलरीत गेले. तेव्हा आलीस तर एवढं लक्षात ठेव. माफीबिफी मागू नकोस, ते घाबरतील. पिंजरा बघून 'छान आहे' म्हणू नकोस. छान म्हटलं की त्यांना वाटतं पार्टीने नीट तपासलं नाही. एखादी बारीक खोड काढ, दार जरा जड लागतंय असं काहीतरी. ते दुरुस्त करतील, तू परत बघशील. मग 'ठीक आहे' म्हण. आणि जेवून जा.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायला डिंक शोधत मी स्वयंपाकघरात होतो. परत आलो तर तुझी वहिनी दारात उभी, बोट ओठांवर. आत बाबा माझ्या टेबलाखाली अर्धे शिरलेले. त्यांच्या हातात तिचा फोन, आणि तो त्यांनी थोरलीच्या तोंडाशी धरलेला. दुसऱ्या हाताने भाजीची प्लॅस्टिकची पिशवी चुरचुर वाजवत होते. दोघींनी काय शिट्ट्या मारल्या! मग फोन आपल्या कानाला लावून म्हणाले, "ऐकलं का? दोन्ही पॅसेंजर चांगले आहेत. पण पार्टीशिवाय ताबा देता येत नाही. रविवारी यायचं." मग बराच वेळ नुसतं "हं", "हं". मग, "जिन्याने सावकाश ये. खोकतेयस अजून." तेव्हा माझ्या पत्रातलं जे काही आहे, ते तुला माझ्याआधीच कळलेलं आहे, आणि तू येणार आहेस हे मला सगळ्यांत शेवटी कळलं, म्हणजे घरातली व्यवस्था सुरळीत चालू आहे. तरी पत्र पाठवतो. लिहिलेलं आहे, आणि कुणी वाचत नाही अशा गोष्टी पाठवायची मला सवय आहे. राहता राहिलं एक. बाबा काही झालं तरी आपणहून फोन करणार नाहीत, अशी मी तुझ्या वहिनीशी पैज मारली होती. हरेल त्याने टेबलाखालच्या लेंड्या काढायच्या. ती जिंकल्याचं एका शब्दाने बोलली नाही. नुसती सुपली आणि झाडणी माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली आणि मशीनवर जाऊन बसली. बाबा गॅलरीत गेले आहेत. ते परत यायच्या आत लेंड्या काढून टाकतो.